ठाण्याविरुद्ध फिर्याद

पैनगंगेच्या उत्तर तीरावरील झरी जामणीच्या मुलखात मराठी, गोंडी, कोलामी आणि तेलुगू या चारही भाषा आठवडी बाजारात सहज कानी पडतात. परंतु इतिहासाच्या ग्रंथांत या मुलखाला फारसे स्थान मिळालेले नाही. दप्तराच्या दृष्टीने तो सदैव कोणत्या तरी मोठ्या प्रदेशाची कड राहिला: आधी निजामाच्या वऱ्हाडाची, १८५३ च्या तहानंतर हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटाकडे गेलेल्या वऱ्हाडाची, मग वणी या नावाने ओळखल्या गेलेल्या आणि १९०५ साली यवतमाळ हे नाव धारण केलेल्या जिल्ह्याची, आणि १९५६ नंतर प्रथम द्विभाषिक मुंबई राज्याची व पुढे महाराष्ट्राची. राज्ये बदलली, पण कोलामांच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, माणसाला सरकारचे दर्शन घडे ते बहुधा दोनच वेशांत, एक जंगलखात्याच्या आणि दुसरे पोलिसाच्या. यामुळेच पोलिसाने अन्याय केला तर दाद कोठे मागावी, हा प्रश्न राजधानीतील विद्वत्सभांत चर्चिला जाण्याच्या कितीतरी आधी या रानात जगला गेला होता.

या प्रश्नाचे मूळ १८६१ सालात सापडते. त्या एकाच वर्षी इंग्रज सरकारने दोन कायदे केले आणि त्या दोहोंतील विसंगती आजतागायत मिटलेली नाही. त्यांपैकी पोलीस अधिनियमाने लष्करी शिस्तीचे, वरिष्ठांच्या हुकमतीत चालणारे आणि रयतेला जाब देण्यास कोठेही बांधलेले नसलेले पोलीसदल उभे केले. कसूर करणाऱ्या शिपायास बडतर्फ वा निलंबित करण्याचा अधिकार त्याच्याच वरिष्ठांकडे ठेवला. आणि कलम ४२ अन्वये असा दंडक घातला की, अधिकाराच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर दावा आणावयाचा तर तो तीन महिन्यांच्या आत आणावा व त्यापूर्वी त्यास एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी. निरक्षर, कचेरीपासून मैलोगणती दूर राहणाऱ्या आणि न्यायालयाची भाषा न जाणणाऱ्या माणसाला ही अट पाळता येणे जवळजवळ अशक्यच होते. मात्र त्याच वर्षीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात ग्राह्य धरू नये असे ठरविले, आणि हाच नियम १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम २५ मध्ये कायम झाला. कोठडीत जबानी कोणत्या उपायांनी काढली जाते हे राज्यकर्त्यांना ठाऊक होते. १८५५ सालच्या मद्रास इलाख्यातील छळ-चौकशी आयोगाचा अहवाल त्यांच्या दप्तरी होता. पोलिसाने लिहून घेतलेल्या कबुलीवर कायद्याने अविश्वास दाखविला, पण त्या पोलिसाविरुद्धची फिर्याद लिहून घेण्याचे काम त्याच्याच हाती राहू दिले. मला या साऱ्या इतिहासाचे मर्म येथे दिसते.

मध्य प्रांतात दीर्घकाळ चाकरी केलेल्या सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील १९०२-०३ च्या पोलीस आयोगाने हे दल अकार्यक्षम, लाचखाऊ आणि जुलमी असल्याचे नि:संदिग्ध शब्दांत नमूद केले. त्यानंतर पगार वाढले आणि हुद्दे बदलले, परंतु उत्तरदायित्वाची रचना होती तशीच राहिली.

पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादेत गोष्ट आणखी रक्तरंजित झाली. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात जमिनीचा हक्क मागणारा गोंड पुढारी कुमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला आणि त्यानंतर निजाम सरकारला गोंड-कोलामांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांस पाचारण करावे लागले. म्हणजे आधी गोळी आणि मागाहून चौकशी. स्वातंत्र्यानंतरही क्रम बदलला नाही. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा, लोकांच्या मते तो त्याच्या कित्येक पट, आणि पुढे अनेक वर्षे त्या दिवशी स्मृतिस्तंभाकडे जाणाऱ्या आप्तांनाच बंदोबस्ताचा अडसर सोसावा लागला.

परंतु ज्या घटनेने साऱ्या देशाला या प्रश्नावर बोलावयास लावले, ती झरी जामणीच्या पूर्वेस, वर्धा नदी ओलांडून गेल्यावर लागणाऱ्या चंद्रपूर जिल्ह्यात, आज गडचिरोलीत मोडणाऱ्या देसाईगंजच्या ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री घडली. चौदा ते सोळा वर्षांच्या एका आदिवासी मुलीस तिच्याच भावाच्या फिर्यादीवरून ठाण्यात आणले होते. जबान्या संपल्यावर बाकीच्यांना बाहेर जाण्यास सांगण्यात आले, तिला मात्र ठेवून घेण्यात आले, आणि एका शिपायाने तिच्यावर बलात्कार केला व एका हेडकॉन्स्टेबलने तिची विटंबना केली, असा आरोप दाखल झाला. तिचे नाव मी येथे जाणूनबुजून घेत नाही. पुढे कायद्यानेच अशी नावे उघड करण्यास मनाई केली, आणि ते योग्यच झाले. त्या रात्रीचा एक तपशील मात्र विसरता येण्याजोगा नाही. तिची फिर्याद नोंदली गेली ती ठाण्यासमोर जमलेला लोकसमुदाय क्षुब्ध होऊन ठाणे जाळण्याची भाषा बोलू लागल्यावर! एका दुसऱ्या हवालदाराने लोकांची समजूत घातली, जमाव पांगविला आणि मग तिची हकीकत लिहून घेतली. तो जमाव जमला नसता तर खटल्याचा पहिला कागदही जन्मास आला असता की नाही, कोण सांगू शकेल?

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ साली मुलीच्या शब्दावर आणि शीलावर संशय घेऊन दोघांनाही निर्दोष सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली तो निकाल फिरविला आणि भयापोटी पत्करलेली निमूट शरणागती व स्वेच्छेने दिलेली संमती या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे स्पष्ट करून शिक्षा दिल्या. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोषत्व बहाल केले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरड केल्याचे सिद्ध नाही, हा त्या निर्णयाचा मुख्य आधार होता. ठाण्याचे दार बंद, दिवे मालवलेले, भाऊ बाहेर, आणि समोर गणवेशातले पुरुष, अशा स्थितीत कोवळ्या मुलीने कोणाच्या नावाने हाक मारावयाची, याचा विचार त्या निकालात मला कोठेही आढळत नाही.

एक वर्षानंतर, १६ सप्टेंबर १९७९ रोजी, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाचा आदर राखून त्यालाच प्रश्न विचारण्याचे हे धैर्य त्या काळी विरळा होते. त्या पत्रामुळे १९८० च्या आरंभी मुंबई-दिल्लीच्या रस्त्यांवर स्त्रियांचे मोर्चे निघाले. पुनर्विचाराची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. संसदेला मात्र १९८३ साली फौजदारी कायदा सुधारावा लागला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने आपली संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे, हे पुरावा अधिनियमाचे कलम ११४-अ त्यातून आले. त्याच वर्षी पत्रकार शीला बरसे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील स्त्री-कैद्यांसाठी स्वतंत्र कोठड्या व स्त्री-पोलिसांची व्यवस्था करण्याचा आदेश दिला.

कायदा झाला, परंतु तो पोडापर्यंत पोहोचला का? गेल्या काही दशकांत झरी जामणीचे नाव वृत्तपत्रांत आणि विधिमंडळात गाजले ते कुमारी मातांच्या प्रश्नामुळे: लग्नाचे आमिष दाखवून कोलाम मुलींना फसविणारे बाहेरचे पुरुष, मागे राहिलेली मुले, आणि फार थोड्या खटल्यांची फार थोडी निष्पत्ती. या प्रश्नाकडे दारिद्र्याचा वा अज्ञानाचा प्रश्न म्हणून पाहण्याची सवय आपल्याला जडली आहे, पण तो तितकाच फिर्यादीचाही प्रश्न आहे. कोलामी बोलणारी मुलगी ठाण्याची पायरी चढते, तेव्हा तिची हकीकत लिहिली जाते मराठीत. कोणता शब्द ठेवावयाचा आणि कोणता गाळावयाचा हे ठरविणारा तो लेखणी हाती घेतलेला अंमलदार असतो, आणि त्याने लिहिलेच नाही तर तिच्यापाशी काय उरते? २०१३ साली संसदेने दंड संहितेत कलम १६६-अ घालून अशा गुन्ह्याची फिर्याद न नोंदविणाऱ्या लोकसेवकास सहा महिने ते दोन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा ठरविली. १८६१ पासून ज्याची वाट पाहावी लागली ती ही तरतूद. परंतु तिच्याखालील फिर्यादही पुन्हा ठाण्याच्याच दाराने जावयाची.

हे दार टाळण्याचा एक मार्ग २००६ साली प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने दाखविला: राज्य आणि जिल्हा या दोन्ही पातळ्यांवर पोलीस तक्रार प्राधिकरण असावे. महाराष्ट्राने २०१४ साली आपल्या राज्याच्या पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली, पण जिल्ह्याच्या जागी महसुली विभाग धरला. या मुलखाचा विभाग अमरावती. पांढरकवडा ओलांडावा, यवतमाळ मागे टाकावे, आणि त्याही पुढे तितकीच वाट चालावी, तेव्हा ते गाव येते. एका दिवसाची मजुरी बुडविणे ज्याला परवडत नाही, त्याच्या हिशेबी ते प्राधिकरण मुंबईतच आहे. न्यायालयाने सांगितलेले जिल्हा प्राधिकरण यवतमाळास व्हावे, महिन्यातून एकदा त्याची बैठक पांढरकवड्यास भरावी, तीत कोलामी व गोंडी जाणणारा दुभाषी बसावा, आणि तक्रार तोंडी सांगितली तरी ती तेथेच लिहून सांगणाऱ्यास वाचून दाखवावी. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. २००६ चा आदेश पाळला तरी बव्हंशी पुरे.