न मानवलेल्या औषधाचा इतिहास

'औषध मानवले नाही' हा आपल्या घरोघरीचा शब्दप्रयोग आहे. अंगाला खाज सुटली, थोडे पुरळ उठले, की घरातील वडीलधारे माणूस म्हणते, 'ती गोळी मानवलेली दिसत नाही.' बहुतेक वेळा गोष्ट तेवढ्यावरच संपते. परंतु क्वचित, अगदी क्वचित, ती तेवढ्यावर संपत नाही. आधी ताप येतो, घसा धरतो, डोळ्यांची आग होते. मग अंगावर काळपट लाल चट्टे उमटतात, त्यांवर फोड येतात, आणि थोड्याच दिवसांत उकळत्या पाण्याने पोळावी तशी त्वचा सुटू लागते. तोंड, डोळे, मूत्रमार्ग यांचे आतील नाजूक अस्तरही सोलवटते. वर्षाला दहा लाख माणसांत अशा रोग्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असते; पण ज्याच्या घरी ही आपत्ती येते, त्याला त्या अल्पसंख्येचे समाधान कसे वाटावे?

या विकाराविषयीचे ज्ञान जगाला कसे मिळाले, हे आज सांगावयाचे आहे. हे ज्ञान कोणा एका प्रतिभावंताने एका रात्रीत शोधून काढलेले नाही. ठिकठिकाणी विखुरलेल्या रोग्यांची हकिगत एकत्र करीत करीत ते जमविले गेले, आणि या कामात पुढे खुद्द रोगीच सामील झाले.

प्रारंभ १९२२ साली झाला. न्यूयॉर्कमधील स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोघा डॉक्टरांनी सात आणि आठ वर्षांच्या दोन मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. ताप, अंगभर चट्टे, तोंड आलेले आणि डोळे विलक्षण सुजलेले, अशी ती लक्षणे होती. हा नवाच ज्वर असावा असे त्यांनी मानले. औषधाचा संशय त्यांना आला नाही, आणि त्यात नवल नाही. सल्फा औषधांचा सुकाळ अजून यावयाचा होता. त्या दोघांची नावे मात्र रोगाला कायमची चिकटली.

पुढे १९५६ मध्ये स्कॉटलंडमधील त्वचारोगतज्ज्ञ ॲलन लायल यांनी चार रोग्यांचे वर्णन केले. त्यांची त्वचा भाजल्यासारखी सुटून आली होती. चार रोग्यांवरून सिद्धान्त बांधता येत नाही, हे लायल जाणून होते. त्यांनी ब्रिटनभरच्या व्यवसायबंधूंकडून माहिती मिळविली आणि १९६७ साली १२८ रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यावरून दिसले की काही रोग्यांत कारण औषधाचे होते, तर काहींत, विशेषतः लहान मुलांत, एका जंतूचे. १९७० साली अमेरिकेतील मेलिश आणि ग्लासगो यांनी उंदरांच्या नवजात पिलांवर प्रयोग करून हा जंतुजन्य रोग वेगळा काढला. दिसायला सारखे असलेले दोन रोग निराळे झाले. उपचारही निराळे ठरले.

यानंतरचा प्रश्न अधिक अवघड होता. दोषी औषध कोणते? रोग्याने महिनाभरात चार औषधे घेतलेली असतात, आणि ताप येऊ लागल्यावर पाचवे! त्या पाचव्यावर आळ येतो आणि खरा गुन्हेगार निसटतो. एका रुग्णालयाला वर्षानुवर्षांत एखाददुसराच रोगी दिसत असेल, तर निवाडा कसा व्हावा? म्हणून फ्रान्स, जर्मनी, इटली आणि पोर्तुगाल या चार देशांतील डॉक्टरांनी आपापल्या नोंदी एकत्र केल्या. या विकाराचे २४५ रोगी आणि तुलनेसाठी इतर कारणांनी रुग्णालयात आलेले ११४७ लोक, या सर्वांना आजारापूर्वी घेतलेल्या औषधांविषयी विचारण्यात आले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने काही सल्फा औषधे, अपस्मारावरील कार्बामॅझेपीन, फेनिटॉइन व फिनोबार्बिटॉल, गाऊट या सांधेदुखीवरील ॲलोप्युरिनॉल आणि ऑक्सिकॅम वर्गातील वेदनाशामके यांच्याकडे निश्चित बोट दाखविले. दीर्घकाळ घ्यावयाच्या औषधांत धोका मुख्यतः पहिल्या दोन महिन्यांत असतो, हेही कळले. त्याच अभ्यासात असेही आढळले की यांपैकी कोणत्याही औषधाने वाढलेला धोका आठवड्याला दहा लाख सेवन करणाऱ्यांमागे पाच रोग्यांहून अधिक नव्हता. तेव्हा आवश्यक औषध भीतीने टाकून देणे हा या इतिहासाचा बोध नव्हे.

पण तेच औषध लाखो लोकांना मानवते आणि एकालाच का मानवत नाही? याचे पहिले ठसठशीत उत्तर २००४ साली तैवानमधून आले. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर आनुवंशिक ओळखचिन्हे असतात. त्यांवरून शरीराचे संरक्षक दल आपले आणि परके ओळखते. कार्बामॅझेपीनमुळे हा विकार झालेल्या ४४ चिनी वंशाच्या रोग्यांत, ४४ च्या ४४ जणांत, 'एचएलए-बी १५०२' हे एकच चिन्ह सापडले. तेच औषध निर्धास्त घेणाऱ्या १०१ जणांत ते केवळ तिघांत होते. मग तैवानमधील २३ रुग्णालयांनी हे औषध सुरू करण्यापूर्वी ४८७७ लोकांचे रक्त तपासले. चिन्ह असणाऱ्यांना दुसरे औषध देण्यात आले. पूर्वानुभवावरून सुमारे दहा जणांना हा विकार व्हावयास हवा होता. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा ती संख्या शून्य होती. ज्यांच्यावरचे संकट टळले ते दहा जण कोण, हे कोणालाही कळणार नाही, त्यांनाही नाही.

हे चिन्ह सर्व वंशांत सारखे आढळत नाही. २००६ साली युरोपातील बारा रोगी तपासले, त्यांत चौघांतच ते सापडले, आणि ते चौघेही मूळ आशियाई वंशाचे निघाले. भारताविषयी २००९ मध्ये गुजरातमधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या लहानशा अभ्यासात आठांपैकी सहा रोग्यांत ते होते. संख्या थोडी आहे; परंतु या प्रश्नाची आपणही दखल घेतली पाहिजे, एवढे सांगण्यास ती पुरेशी आहे.

येथवर रोगी हा अभ्यासाचा विषय होता. पुढे तो सहकारी झाला. अमेरिकेत एका आईने, आपल्या तान्ह्या मुलीवर हा प्रसंग ओढवल्यानंतर, स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम फाउंडेशन ही संस्था उभी केली. फ्रान्समध्ये 'अमालिस्ट' ही रोग्यांची संघटना निघाली. या मंडळींनी डॉक्टरांना एक गोष्ट परोपरीने सांगितली. त्वचा भरून आली, रोगी घरी गेला, की रुग्णालयाच्या दप्तरी तो बरा झालेला असतो. पण घरी त्याचे डोळे कोरडे पडतात, पापण्यांच्या आतल्या कडा खरखरीत होऊन बुबुळाला घासतात, हळूहळू दृष्टी जाते. आणि डोकेदुखीची साधी गोळी हातात घेतानाही हात कापतो. हे दुःख कोणत्याच तक्त्यात नव्हते.

सुदैवाने डोळ्यांच्या बाबतीत आपल्या देशाने मोलाचे काम केले आहे. प्रसूतीनंतर टाकून दिल्या जाणाऱ्या वारेचे आतले पातळ पटल रोगाच्या पहिल्या दिवसांतच डोळ्यावर बसविल्यास दृष्टी वाचण्यास मदत होते, हे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी पद्धतशीर चाचणी करून २०१६ मध्ये दाखविले. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत, पापणीच्या खरखरीत कडेवर ओठाच्या आतले मऊ अस्तर बसवून मुलांची दृष्टी राखण्याचे प्रयत्न यशस्वी झाले आहेत.

२०१९ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे या विकारावर आंतरराष्ट्रीय सभा भरली, तेव्हा शास्त्रज्ञ आणि डॉक्टर यांच्या बरोबरीने या रोगातून वाचलेली माणसेही तेथे बसली होती. २०२१ च्या सभेच्या शीर्षकातच सहकार्य आणि समुदाय हे शब्द आले. २०२४ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी रोग्यांच्या त्वचेतील प्रथिनांचा अभ्यास करून पेशींतील एका बेफाम झालेल्या संदेशमार्गाचा छडा लावला. तो रोखणारे औषध चीनमध्ये सात रोग्यांना देण्यात आले आणि सातही जण बरे झाले. सात म्हणजे फार नव्हेत. पण लायल यांचेही पहिले रोगी चारच होते.

आता आपल्यापुरते पाहू. आपल्याकडे रोग्याला विचारावे, 'कोणते औषध घेतले होते?' तर उत्तर येते, 'लाल गोळी होती, पुडीत बांधून दिली होती.' या उत्तराने शास्त्राचा एक पुरावा नाहीसा होतो, आणि पुढल्या खेपेस तीच लाल गोळी त्याच माणसाच्या हाती पडू शकते. म्हणून नव्या औषधानंतर ताप, तोंडात फोड, डोळ्यांची आग आणि अंगावर दुखरे चट्टे अशी लक्षणे एकत्र दिसली, तर वाट न पाहता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे, आणि जाताना औषधाची वेष्टने बरोबर न्यावीत. दोषी औषधाचे नाव एकदा कळले, की ते कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून जन्मभर जवळ ठेवावे आणि प्रत्येक डॉक्टरला आपणहून दाखवावे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी सरकारी योजना भारतात २०१० पासून चालू आहे. तिला रोगी स्वतःही कळवू शकतो.

शंभर वर्षांपूर्वी दोन मुलांची हकिगत कोणीतरी लिहून ठेवली, म्हणून हा सारा इतिहास घडला. आपल्या घरात न मानवलेल्या औषधाचे नाव आज लिहिलेले आहे काय?