तांब्यातला भोवरा

लोहचुंबकाला तांबे चिकटत नाही, हे शाळकरी पोरही सांगेल. मग टांगलेल्या चुंबकसुईखाली तांब्याची तबकडी गरगर फिरवली, की सुईही तिच्यामागे का फिरू लागते? पॅरिसच्या फ्रान्स्वा आरागोने १८२४-२५ मध्ये हे कोडे विज्ञान अकादमीपुढे ठेवले आणि भलेभले चक्रावले. मी बी.ए. झालेला कवी; भौतिकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण जे सगळ्यांना दिसते ते सहा-सात वर्षे कुणालाच उमगत नाही, ही हकिगत मला एखाद्या लढाईपेक्षा जास्त खिळवून ठेवते.

लंडनमध्ये चार्ल्स बॅबेज आणि जॉन हर्शेल या मित्रांनी १८२५ मध्ये हा प्रयोग करून पाहिला. बॅबेज म्हणजे तोच, ज्याला आपण संगणकाचा आजोबा मानतो. आकडेमोडीच्या यंत्राची त्याची खटपट तेव्हा चालूच होती. दोघांनी प्रयोग उलटा केला. खाली चुंबक फिरवला, तर वरची तांब्याची तबकडी फिरू लागली. मग त्यांनी तबकडीला चिरा पाडल्या. ओढ घटली. चिरा दुसऱ्या धातूने सांधल्या, तर गेलेली ओढ बरीचशी परत आली!

उत्तर जणू हातातच होते. चिरेमुळे काहीतरी वाहायचे अडत होते. पण त्यांची नजर तांब्यात जागणाऱ्या चुंबकत्वावर खिळलेली. वाहते काय, ते १८३१ मध्ये मायकेल फॅरडेने ओळखले. चुंबक हलला, की जवळच्या धातूत वीज उपजते. पाण्यातल्या भोवऱ्यासारखी गोल फिरते आणि स्वतःच चुंबक बनून त्या हालचालीला विरोध करते. इंग्रजीत हे ‘एडी करंट’. फ्रेंच लोक त्यांना फुकोचे प्रवाह म्हणतात, कारण असा विरोध मोडून फिरवलेली चकती तापते, हे लेआँ फुकोने १८५५ मध्ये दाखवले. आपल्याकडच्या जुन्या वीजमीटरातली ॲल्युमिनियमची चकती आठवते ना? तिला आवर घालणारा चुंबक याच भोवऱ्यांवर चालायचा.

गणित मात्र अवघड. मॅक्सवेलने १८७२ मध्ये ते सोडवले, पण अमर्याद पसरलेल्या पातळ पत्र्यापुरते. खऱ्या चकतीला कड असते, जाडी असते, भोके असतात. तिथे आता सॉफ्टवेअर लागते. ते धातूचे हजारो बारीक तुकडे कल्पून हिशेब मांडते: चुंबक या क्षणी कुठे आहे, कुठल्या तुकड्यात किती प्रवाह आहे, त्यातून जोर किती येतो, त्या जोराने चुंबक पुढच्या क्षणी कुठे जाईल. मग पुन्हा पहिल्यापासून. तुकडे ढोबळ ठेवले किंवा क्षण लांबवला, तर पडद्यावर चुंबक छान हलतो, पण खोटा हलतो.

बॅबेजचे यंत्र तेव्हा पुरे झाले असते, तरी त्याने हे कोडे सोडवले नसते, असे मला वाटते. काय मोजायचे, तेच ठाऊक नव्हते.

आजही संगणकाच्या शब्दावर कुणी विसंबत नाही. १९८० च्या दशकापासून अभियंत्यांनी अशा सॉफ्टवेअरच्या परीक्षेसाठी ठरावीक प्रश्न तयार केले. आधी प्रत्यक्ष मोजायचे, मग संगणकाचे उत्तर त्याच्याशी ताडायचे. त्यांतल्या एका गाजलेल्या प्रश्नात ॲल्युमिनियमचा एक जाड पत्रा आहे. त्याला मुद्दाम एका बाजूला सरकवून भोक पाडलेले आहे. भोवरे त्या भोकाला वळसा कसा घालतात, ते बिनचूक सांगायचे.