बेन्झाल्डॉक्झिमचीं दोन रूपें

कडू बदामाच्या तेलांत बेन्झाल्डिहाइड असतें. हायड्रॉक्सिलॅमिनशीं त्याचा संयोग झाला म्हणजे बेन्झाल्डॉक्झिम मिळतें. बेकमान यांना तें दोन रूपांत आढळलें. एक ३५ अंशांवर वितळणारें, दुसरें सुमारें १३० अंशांवर. अणू तेच, जोडणीही तीच. मग हा भेद कसला?

अवकाशांतील मांडणीचा मान १८७४ पासून एकट्या कर्बाला होता. १८९० मध्यें झूरिक येथें आर्थर हान्च व त्यांचा २३ वर्षांचा शिष्य आल्फ्रेड वेर्नर यांनीं तो नत्रालाही दिला. कर्ब व नत्र यांमधील दुहेरी बंध फिरत नाहीं, आणि नत्राचा तिसरा हात एका बाजूस वळलेला असतो. म्हणून त्या हातांतील हायड्रॉक्सिल बेन्झीनच्या बाजूस तरी असेल, नाहीं तर हायड्रोजनच्या. व्हिक्टर मायर यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाचें मत निराळें होतें. तरी हेंच म्हणणें टिकलें.

कोणतें रूप कोणतें, हें ठरवितांना मात्र गुरुशिष्य चुकले. विक्रियेंत जे गट एकमेकांच्या जागा घेतात ते शेजारीच असणार, असें त्यांनीं धरलें. कोणीही धरलें असतें! १९२१ मध्यें मायझेनहायमर यांनीं बेन्झिलच्या ऑक्झिमवरून दाखविलें, कीं ते गट विरुद्ध बाजूंचे असतात. मग तीस वर्षें पुस्तकांतून छापलेलीं नांवें उलटीं करावीं लागलीं.