सगळ्यांचं ऐकून घेणाऱ्यांचं कोण ऐकतं? सोशल वर्कर आणि समुपदेशकांना येणारा थकवा नेमका काय असतो

‘मनात ठेवू नकोस, बोल कुणाशी तरी.’ दर १० ऑक्टोबरला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, हे वाक्य निम्म्या इन्स्टा स्टोऱ्यांवर असतं. सल्ला चुकीचा नाही, बोलल्यावर खरंच हलकं वाटतं. पण ज्याच्याशी बोलायचं त्याचं काय? आणि दिवसभर ऐकणं हीच त्याची नोकरी असेल तर?

समजा, एका सरकारी दवाखान्यात सोशल वर्कर आहे. सकाळी ती विष पिऊन वाचलेल्या मुलीशी बोलते. मग दारू सोडवायला आणलेल्या माणसाच्या बायकोशी. दुपारी पोलीस एका बाईला घेऊन येतात, ती नाव-गाव काहीच सांगत नाही. संध्याकाळी रजिस्टर भरायचं. रात्री घरी पोरगं शाळेतली भांडणं सांगायला लागतं आणि तिच्या लक्षात येतं की आपल्या कानात आता काही शिरतच नाहीये.

या अवस्थेला नाव आहे. खरं तर तीन-चार नावं आहेत.

बर्नआऊट हा शब्द आला कुठून?

आज आयटीवाल्यापासून यूट्यूबरपर्यंत सगळे ‘बर्नआऊट झालोय’ म्हणतात. पण या अर्थाने तो शब्द रूढ झाला तो दुसऱ्यांची सेवा करणाऱ्यांमुळेच. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये दिवसा स्वतःची प्रॅक्टिस करायचे आणि संध्याकाळी नशेत अडकलेल्या तरुणांसाठी चालणाऱ्या मोफत दवाखान्यात काम करायचे. तिथे हौसेने आलेले स्वयंसेवक काही महिन्यांत चिडचिडे व्हायचे, डोकं दुखायचं, सर्दी हटायची नाही आणि ज्यांच्यासाठी आले त्याच पेशंटबद्दल तुसडेपणाने बोलायला लागायचे. १९७४ मध्ये फ्रॉइडनबर्गर यांनी यावर लेख लिहिला. त्यातलं त्यांचं एक निरीक्षण महत्त्वाचं आहे: सगळ्यात आधी संपतात ते जीव ओतून काम करणारे.

ते स्वतःही सुटले नाहीत. कुटुंबासोबत सुट्टीला निघायच्या दिवशी त्यांना अंथरुणातून उठवेना, असं सांगितलं जातं. मग त्यांनी टेपरेकॉर्डर लावला, त्यापुढे बोलले आणि आपलाच आवाज पेशंटचा असल्यासारखा ऐकला. हा टेपरेकॉर्डर लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

नंतर क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआऊट मोजायची प्रश्नावली तयार केली. त्यात तीन गोष्टी पाहतात: भावना आटणं, समोरच्याला माणूस न समजता ‘केस’ समजायला लागणं आणि आपल्या कामाचा काही उपयोग नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआऊटला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था, अशी तिची नोंद केली. हा फरक वाटतो त्यापेक्षा मोठा आहे, कारण मग पहिला प्रश्न माणसाला विचारायचा नसतो, कामाच्या जागेला विचारायचा असतो.

मग कम्पॅशन फटीग वेगळा का?

बर्नआऊट बँकेतल्या कॅशियरलाही येऊ शकतो. कम्पॅशन फटीग, म्हणजे करुणेचा थकवा, येतो तो दुसऱ्याचं दुःख रोज जवळून पाहणाऱ्यांना. १९९० च्या दशकात आधी नर्सच्या कामाबद्दल आणि मग चार्ल्स फिगली यांच्या लिखाणातून हा शब्द पसरला. याच्याच शेजारचा प्रकार म्हणजे ऐकीव आघात. अत्याचार, अपघात, आत्महत्या स्वतः न पाहताही, फक्त तपशील ऐकून ऐकून ऐकणाऱ्याला तशीच स्वप्नं पडतात, दचकायला होतं, जगाकडे बघायची नजर बदलते. बालअत्याचाराच्या केसेस हाताळणाऱ्याला रिक्षात शेजारी बसलेल्या काकांचाही संशय यायला लागतो, असं काहीसं.

वाईट म्हणजे हे कुणाला सांगायची सोय नसते. गोपनीयता पाळायची, त्यामुळे घरी बोलता येत नाही. ऑफिसात बोललं तर ‘हिला हे काम झेपत नाही’ अशी कुजबुज. शिवाय समाजसेवा म्हणजे त्याग, हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की थकलेल्या कार्यकर्त्याला आधी लाजच वाटते.

आपल्याकडे अवघड का?

कारण माणसंच कमी आहेत. देशात एक लाख लोकांमागे एक पूर्ण मानसोपचारतज्ज्ञही नाही, आकडा ०.७५ च्या आसपास सांगितला जातो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. त्याच्या रचनेत एका जिल्ह्याच्या टीममध्ये मनोविकार क्षेत्रातला सोशल वर्कर असतो एक. आणि २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांच्या वर होती. बाकी सोयी धरल्या तरी गणित बसत नाही.

उरलेला भार जातो खाली, आशाताईंकडे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली ही योजना, साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा. त्यांना पगार नाही, कामानुसार मोबदला मिळतो आणि कागदोपत्री त्या ‘स्वयंसेविका’ असतात. लसीकरण, बाळंतपणं हे होतंच. २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला, तेव्हा घरोघरी जाऊन नैराश्याची लक्षणं विचारायचं कामही त्यांच्याकडे आलं.

शहरातल्या समुपदेशकाचा क्लायंट तासाभराने निघून जातो. आशाताईचा ‘क्लायंट’ तिच्या गल्लीत राहतो. कर्जाबद्दल, झोप न येण्याबद्दल ज्याला तिने विचारलं, त्याचं उद्या काही बरंवाईट झालं तर त्या घरी रडायला जाणाऱ्या बायकांत तीही असते. या दुःखाचा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

सेल्फ-केअरने भागतं का?

यावर ठरलेला उपाय म्हणजे वर्षातून एक स्ट्रेस मॅनेजमेंट वर्कशॉप. दीर्घ श्वास, योगासनं, छंद जोपासा, शेवटी ग्रुप फोटो. टेड बोबर आणि शेरिल रेगर यांनी कॅनडातल्या २५९ थेरपिस्टचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात छंद, विश्रांती, स्वतःची काळजी यांना दिलेला वेळ आणि आघाताची लक्षणं कमी असणं यांचा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो आठवड्यातले किती तास आघातग्रस्त लोकांसोबत जातात याच्याशी. योगा वाईट आहे असा याचा अर्थ नाही. पण केसेस कमी करणं संस्थेच्या हातात असतं आणि श्वास घेणं कर्मचाऱ्याच्या, त्यामुळे वर्कशॉप स्वस्त पडतं.

आणि गंमत म्हणजे खरा उपाय या क्षेत्राला आधीपासून माहीत आहे. एमएसडब्ल्यू करणाऱ्या मित्रमैत्रिणींना विचारा. फिल्डवर्कला जाणाऱ्या विद्यार्थ्याची आपल्या सुपरवायझर शिक्षकासोबत नियमित ‘आयसी’, म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स होते. काय पाहिलं, कुठे अडलो, काय सहन झालं नाही, हे सगळं तिथे निघतं. डिग्री मिळते, नोकरी लागते आणि आयसी संपते. मग ‘सुपरव्हिजन’चा अर्थ होतो महिन्याचे आकडे किती झाले.

गोव्यात काय केलं?

गोव्यात १९९६ पासून काम करणारी ‘संगाथ’ ही संस्था मानसोपचाराची डिग्री नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून त्यांच्याकडून समुपदेशन करून घेते. प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्यांवर त्यांनी केलेल्या प्रयोगाचे निकाल २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. तीन महिन्यांनंतर अशा समुपदेशकांकडे गेलेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर होते, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के.

या कामात एक पद्धत होती. सेशन रेकॉर्ड करायचं (पेशंटला विचारून), मग समुपदेशकांनी गटात बसून ते ऐकायचं, एकमेकांना गुण द्यायचे, कुठे चुकलं ते बोलायचं. नवख्या सहकाऱ्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांच्या बरेच जवळ जातात, असंही तपासून पाहिलं गेलं. ही पद्धत उपचारांचा दर्जा राखण्यासाठी होती, थकवा घालवण्यासाठी नव्हे. तरी मला ती इथे महत्त्वाची वाटते, कारण त्यात समुपदेशक एकटा राहत नाही. जे त्याने बंद खोलीत ऐकलं ते आणखी चौघांनी ऐकलेलं असतं. फ्रॉइडनबर्गरना स्वतःचा आवाज एकट्याने ऐकावा लागला होता. शिवाय यासाठी महागडा तज्ज्ञ लागत नाही. लागतो तो कामाच्याच वेळेतला एखादा तास, आणि अडतं नेमकं तिथेच.

सगळेच खचतात का?

नाही. २००७ मध्ये कोलंबियातल्या राजकीय हिंसेच्या बळींसोबत काम करणाऱ्या थेरपिस्टच्या मुलाखतींतून संशोधकांना उलटी बाजू दिसली. आघात जसा ऐकून लागतो, तशी उमेदही लागते. इतकं सोसून हा माणूस उभा राहतोय, हे रोज पाहणाऱ्याची स्वतःच्या अडचणींकडे बघायची नजर बदलते. अनेक कार्यकर्ते वर्षानुवर्षं हे काम सोडत नाहीत, त्याचं एक कारण हे असावं. पण पेशंट पुढे बरा झाला की नाही हे कळायला तरी हवं. रोज नवा चेहरा आणि जुन्याचा पत्ता नाही, अशा ओपीडीत उमेद कुठून लागणार?

हे सगळं घरच्या माणसांनाही लागू आहे. स्किझोफ्रेनिया असलेल्या मुलाची आई किंवा व्यसनी नवऱ्याची बायको हेच काम करते, बिनपगारी आणि बिनसुट्टीचं. पुण्यात ‘मुक्तांगण’मध्ये व्यसनी पुरुषांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे. स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनही पुण्यातच कुटुंबीयांसाठी स्वमदत गट चालवते. असं काही जवळ नसेल तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास आणि मोफत चालतो, मराठीतही. तो पेशंटइतकाच पेशंटला सांभाळणाऱ्यांसाठीही आहे.