‘वय झालं’ म्हणजे निदान नव्हे

लहान मुलाला ताप आला, की आपण त्याला बालरोगतज्ज्ञाकडे नेतो. पण ऐंशी वर्षांचे आजोबा एकाएकी चालताना पडू लागले किंवा असंबद्ध बोलू लागले, तर? पुष्कळ घरांत उत्तर ठरलेले असते : ‘आता वय झालं!’ फार काळ वैद्यकशास्त्राचे उत्तरही यापेक्षा निराळे नव्हते. ते कसे बदलले, आणि नवे उत्तर देणारे डॉक्टर कसे घडवले गेले, हे आपण पाहू.

आयुर्वेदाच्या आठ अंगांत ‘बाल’ आणि ‘जरा’ ही दोन स्वतंत्र अंगे सांगितली आहेत. आधुनिक वैद्यकात मात्र बालरोगशास्त्र आधी रुजले. त्याच धर्तीवर 1909 मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर इग्नाट्झ नॅशर यांनी ‘जेरिअ‍ॅट्रिक्स’ हा शब्द सुचवला. मराठीत आपण त्याला जराचिकित्सा म्हणू. नाव मिळाले, पण प्रत्यक्ष काम उभे राहायला आणखी पाव शतक जावे लागले.

1935 मध्ये लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाला शेजारच्या अनाथ-निराधारांच्या दवाखान्यातील 714 रुग्ण जोडले गेले. त्यांची जबाबदारी डॉ. मार्जोरी वॉरेन यांच्याकडे आली. रुग्ण बहुतेक वृद्ध. अनेक जण वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले. वॉरेन यांनी प्रत्येकाची नीट तपासणी केली. कोणाला पक्षाघात, कोणाला संधिवात, कोणाला स्मृतिभ्रंश, अशी वर्गवारी केली. ज्यांना शक्य होते त्यांना अंथरुणातून उठवले, व्यायाम दिले, चालायला शिकवले. बरेच जण घरी परतले आणि लागणाऱ्या खाटा 240 पर्यंत खाली आल्या. यात कोणतेही नवे औषध नव्हते. दीर्घकाळ पडून राहिल्याने स्नायू झिजतात, सांधे आखडतात, पाठीला जखमा होतात; म्हणजे वार्धक्याच्या खात्यावर मांडलेले बरेचसे नुकसान खाटेनेच केले होते.

वृद्ध शरीराचे काही नियम वेगळे असतात. त्यात एका वेळी तीन-चार आजार असू शकतात. न्यूमोनियात ताप न येता रुग्ण केवळ गोंधळल्यासारखा वागू शकतो. मूत्रपिंडाची क्षमता घटल्याने काही औषधे शरीरातून सावकाश बाहेर पडतात. नेहमीची मात्राही जास्त ठरू शकते. हे पुस्तकात वाचता येते. पण समोरच्या आजीचा गोंधळ स्मृतिभ्रंशाचा, जंतुसंसर्गाचा की औषधाचा, हे ओळखण्याची नजर जाणत्या डॉक्टरबरोबर रुग्णाच्या खाटेशी उभे राहूनच येते. म्हणून जराचिकित्सेचा इतिहास हा मुख्यतः शिक्षणाचा इतिहास आहे.

1948 मध्ये ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. विभागवार रुग्णालय मंडळे स्थापन झाली आणि वृद्धांसाठी तज्ज्ञांच्या नेमणुका होऊ लागल्या. अशा तज्ज्ञांच्या हाताखाली तरुण डॉक्टर तयार झाले. 1952 मध्ये डॉ. फर्ग्युसन अँडरसन ग्लासगोच्या स्टॉबहिल रुग्णालयात रुजू झाले. 1965 मध्ये ग्लासगो विद्यापीठात या विषयाचे जगातील पहिले प्राध्यापकपद निर्माण झाले, तेही त्यांच्याकडेच आले. क्रम लक्षात घ्या : आधी विभाग, मग प्राध्यापक.

भारतातही हाच क्रम दिसतो. मद्रासच्या सरकारी रुग्णालयात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी 1978 मध्ये वृद्धांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. आंतररुग्ण विभाग 1988 मध्ये आला आणि मद्रास मेडिकल कॉलेजात एम. डी. अभ्यासक्रम 1996 मध्ये. बाह्यरुग्ण विभागापासून पदवीपर्यंत अठरा वर्षे!

एवढ्या मोठ्या देशाला एक केंद्र कसे पुरणार? 2010-11 मध्ये केंद्र सरकारने वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात आठ प्रादेशिक केंद्रे ठरली : दिल्ली, वाराणसी, श्रीनगर, गुवाहाटी, तिरुवनंतपुरम, चेन्नई, जोधपूर आणि मुंबई. मुंबईचे केंद्र ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालयात. प्रत्येक केंद्रात 30 खाटांचा विभाग आणि पदव्युत्तर शिक्षणाची सोय, अशी योजना होती. पुढे केंद्रांची संख्या एकोणीसवर नेण्यात आली.

खाटा पैशाने येतात; शिक्षक तसे येत नाहीत. शिक्षक नसेल तर विद्यार्थी घडत नाही, आणि आजचा विद्यार्थी घडला नाही तर उद्याचा शिक्षक कोठून येणार? 2011 च्या जनगणनेत साठ व त्यापुढील वयाच्या व्यक्ती सुमारे 10 कोटी 38 लाख होत्या. त्या सर्वांना तज्ज्ञ तपासू शकणार नाहीत, हे उघड आहे. प्रादेशिक केंद्राचा खरा उपयोग म्हणूनच दुहेरी आहे. थोडे तज्ज्ञ तयार व्हावेत, आणि त्यांनी जिल्ह्यातील डॉक्टरांना व परिचारिकांना ही नजर द्यावी.

वर्गात एक उपक्रम करून पाहा. विद्यार्थ्यांना घरच्या वृद्धांच्या रोजच्या औषधांची यादी करायला सांगा. नावे नकोत, फक्त संख्या. किती जणांची सारी औषधे एकाच डॉक्टरने एकत्र पाहिली आहेत, तेही विचारा. औषध मात्र कोणीही परस्पर बंद करू नये. यादी घेऊन डॉक्टरांकडे जावे. वॉरेन यांनी 1935 मध्ये अशीच, एकेका माणसाची नोंद करण्यापासून सुरुवात केली होती.