लेहचा मुक्काम : खिंडी ओलांडून आलेल्यांचे विसाव्याचे गाव

१/ मारखा खोऱ्यातील पायपीट संपवून पाठीवरची सॅक उतरवली, की बहुतेक भटके लेहच्या बाजारात येऊन बसतात. समोर वाफाळता थुक्पा, पाय मोकळे, घाई कसलीच नाही. हा निवांतपणा आपल्याला आपल्याच पिढीची चैन वाटते. परंतु थकलेल्या माणसांना आणि जनावरांना विसावा देणे हा या गावाचा शतकानुशतकांचा व्यवसाय होता. त्या विसाव्याचा हा इतिहास.

२/ प्रथम भूगोल पाहू. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, सिंधूच्या खोऱ्यात वसलेले आहे. पश्चिमेची वाट श्रीनगरला जाते, दक्षिणेची कुलूमार्गे पंजाबात, पूर्वेची तिबेटात आणि उत्तरेची यारकंदला, म्हणजे आजच्या चीनमधील शिनजियांगात. चारही वाटा येथे एकत्र येतात आणि एकही वाट खिंड ओलांडल्याशिवाय येथवर पोहोचत नाही.

३/ त्यांत यारकंदची वाट सर्वांत कठीण. खार्दुंग (५,३५९ मीटर), सासेर (सुमारे ५,४०० मीटर) आणि काराकोरम (५,५४० मीटर) अशा तीन मोठ्या खिंडी. प्रवास महिनाभराचा, कधी त्याहून अधिक. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. वाटेत कित्येक दिवस ना गवत, ना सरपण. जनावरांचा दाणाही जनावरांच्याच पाठीवर लादून न्यावा लागे.

४/ या उंचीच्या विकाराला सोळाव्या शतकातील मिर्झा हैदर दुघलात याने ‘तारीख-इ-रशीदी’ या ग्रंथात ‘दमगिरी’ म्हटले आहे. श्वास कोंडतो, झोप लागताच माणूस दचकून जागा होतो, असे त्याचे वर्णन. त्याचा स्वामी सुलतान सईद खान १५३३ मध्ये लडाखच्या स्वारीवरून यारकंदकडे परतताना याच विकाराने वाटेत मरण पावला.

५/ त्या वाटेवरील एका मुक्कामाचे नाव आजही बातम्यांत येते : दौलत बेग ओल्डी. तुर्की भाषेत त्याचा अर्थ ‘दौलत बेग जेथे मेला ते ठिकाण’. वाटेच्या दोन्ही बाजूंना मेलेल्या घोड्यांची हाडे पसरलेली असत. बर्फाने मार्ग झाकला, तर काफिले त्या हाडांच्या खुणेवर पुढे सरकत.

६/ अशी वाट तुडवून आलेला काफिला खार्दुंग उतरू लागला, की खाली हिरवी शेते आणि पॉप्लरच्या रांगा दिसत. पलीकडे टेकडीवर सेंगे नामग्याल या सतराव्या शतकातील राजाचा नऊ मजली राजवाडा. गावात सराया होत्या : मधे मोकळे अंगण, भोवती खोल्या, मालासाठी जागा आणि जनावरांसाठी दावण.

७/ येथे विसावा प्रथम जनावरांना मिळे, कारण व्यापाऱ्याचे भांडवल त्यांच्या पायांवर उभे असे. खिंडींतून आलेल्या घोड्यांच्या बरगड्या मोजता येत. लेहच्या शेतकऱ्यांकडून लसूणघास विकत घेऊन त्यांना आठवडेच्या आठवडे चारावी लागे. घोडा अंगाने भरला, तरच परतीचा विचार. मुक्काम किती दिवसांचा, हे मालकापेक्षा घोडा ठरवी.

८/ या सक्तीच्या थांब्यातूनच बाजारपेठ उभी राहिली. यारकंदी व्यापारी नमदे, गालिचे, रेशीम आणि चरस आणत; पंजाबातील होशियारपूरचे व्यापारी कापड, मसाले, नीळ आणि पोवळी. घोडे चरत असताना मालक चहा पीत सौदे करीत. अनेकांचा व्यवहार लेहमध्येच पुरा होई आणि ते तेथूनच माघारी फिरत.

९/ हिवाळ्यात खिंडी बंद झाल्या, की काहींचा मुक्काम लांबे. काहींनी येथेच घरे केली, लडाखी स्त्रियांशी विवाह केले. त्यांच्या वंशजांना अरघोन म्हणतात. पुढे याच समाजातून अनेक उत्तम काफिलेवाले आणि वाटाडे निघाले. राजवाड्याच्या पायथ्याशी बाजारातील जामा मशीद सतराव्या शतकातच उभी राहिली होती.

१०/ सर्वांनाच हा मुक्काम सुखाचा ठरला नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा पशुवैद्य विल्यम मूरक्रॉफ्ट १८२० मध्ये लेहला आला. त्याला यारकंदला जायचे होते. परवानगीच्या आशेवर तो सुमारे दोन वर्षे येथे अडकून पडला. ती मिळालीच नाही. मात्र त्या काळात त्याने लडाखविषयी टिपून ठेवलेली माहिती आज इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे.

११/ १८७० मध्ये तर विसाव्याची सोय करारात उतरली. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आणि जम्मू-काश्मीरचे महाराज रणबीरसिंह यांच्यातील व्यापारी करारानुसार या मार्गासाठी संयुक्त आयुक्त नेमले गेले. वाटेवर रसदीची कोठारे उभारणे आणि धान्य, मजुरी, भाडोत्री जनावरे व चराई यांचे दर ठरवणे हे त्यांचे काम. घोड्याच्या चाऱ्याचा भाव दोन सत्तांच्या कराराचा विषय झाला होता.

१२/ या जगाची आतली बाजू सांगणारा माणूस म्हणजे लेहचा गुलाम रसूल गलवान. हमाल आणि घोडेवाला म्हणून आरंभ करून तो काफिल्याचा प्रमुख झाला. १९२३ मध्ये त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. गलवान नदीला त्याचेच नाव आहे. साहेब तंबूत विसावत, तेव्हा ओझी उतरवणे, जनावरे बांधणे आणि चूल पेटवणे ही कामे त्याच्यासारख्यांची असत.

१३/ या प्रवाहाचे एक टोक मुंबईपर्यंत पोहोचत होते. मध्य आशियातील हज यात्रेकरूही काराकोरम ओलांडून लेहला थांबत, पुढे काश्मीरमार्गे मैदानात उतरत आणि मुंबईच्या बंदरातून जहाजाने जात. बर्फातून निघालेली ती माणसे अरबी समुद्र पाहत तेव्हा लेहचा मुक्काम ही त्यांच्या प्रवासातील अर्ध्या वाटेवरची आठवण असे.

१४/ १९४९ मध्ये शिनजियांग चीनमधील साम्यवादी राजवटीखाली गेले आणि थोड्याच काळात ही वाट बंद पडली. सराया ओस पडल्या. काफिल्यांची दोन मदारींची उंटे नुब्रा खोऱ्यात मागे राहिली. आज हुंदरच्या वाळूत पर्यटक ज्यांवर बसतात, ती त्यांचीच संतती. १९७४ मध्ये लडाख पर्यटकांसाठी खुले झाले आणि लेहला नवे प्रवासी मिळाले.

१५/ आता क्रम उलटला आहे. काफिला उंचावरून लेहला उतरे, म्हणून त्याचा विसावा प्रवासाच्या शेवटी. आपण विमानाने तासाभरात समुद्रसपाटीजवळून वर पोहोचतो, म्हणून आपल्याला तो आरंभीच घ्यावा लागतो. पहिले दोन दिवस स्वस्थ राहा, हा डॉक्टरांचा सल्ला दमगिरीच्याच अनुभवातून आलेला आहे. तो मोडणाऱ्यांना लेहच्या रुग्णालयात प्राणवायू लावावा लागतो.

१६/ आणखी एक फरक. काफिल्याचा मुक्काम लेहच्या शेतांवर चाले. घास संपला की मुक्कामही संपे. आज त्यांतील कित्येक शेतांत अतिथिगृहे उभी आहेत आणि पाऊस अगदी तुरळक पडणाऱ्या या प्रदेशात पाणी अपुरे पडू लागले आहे. जुन्या प्रवाशाला गावाची मर्यादा आपल्या घोड्याच्या दावणीत रोज दिसे. आपल्याला ती नळ उघडताना आठवली, तरी हे गाव पुढच्या थकलेल्यांसाठी विसाव्याचे राहील.