मोरीचा वास आणि मुंबईचा प्लेग

मारेगाव-वणीकडचा उन्हाळा वेगळा सांगायला नको. मे महिन्यात लोक घराला कुलूप लावून पंधरा दिवस बाहेरगावी जातात आणि परत येऊन दार उघडतात तो घरभर घाण वास. दोष बहुधा सेप्टिक टाकीचा नसतो. नहाणी ट्रॅपमधले, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या वाकड्या भांड्यातले, पाणी आटलेले असते. बादलीभर पाणी ओतले की वास थांबतो.

नळी वाकवून तिच्यात पाण्याचा अडसर ठेवण्याच्या कल्पनेचे पेटंट लंडनचे घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली घेतले. तिच्यात एक खोट होती. पाण्याचा लोंढा नळातून खाली गेला की त्याच्यामागे हवेचा दाब कमी होतो आणि वाकातले पाणीही ओढले जाते. शाळेत वक्रनलिकेचा प्रयोग करणाऱ्यांना हे नवे नाही. म्हणून पुढे नळाला छपराच्या वर उघडणारा उभा पाइप जोडू लागले. हा व्हेंट पाइप वायू बाहेर सोडतो, तसाच हवा आत घेऊन दाब राखतो. त्याचे तोंड खिडकीजवळ ठेवले किंवा कचऱ्याने बुजले, की वास घरातच.

एकोणिसाव्या शतकात या नळांची एवढी चिंता का वाहिली गेली? दुर्गंधीतूनच रोग उद्भवतात, असे बहुतेक डॉक्टर मानत. पटकी पाण्यातून पसरते, हे जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये दाखवले होते. तरी १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या दुर्गंधीने पार्लमेंट हैराण झाले, तेव्हा भीती वासाचीच होती. त्या भीतीतून लंडनची मोठी गटारे झाली, मैला नदीच्या खालच्या अंगाला गेला आणि पटकी हटली. चुकीच्या कारणाने योग्य काम झाले.

मुंबईचे नशीब एवढे चांगले नव्हते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. आकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. येर्सिन यांनी हाँगकाँगमध्ये १८९४ सालीच जंतू शोधला होता. तो माणसापर्यंत पोचतो कसा, ते मात्र ठाऊक नव्हते. महापालिकेने जुन्या समजुतीनुसार गटारांवर मोर्चा वळवला. कार्बोलिक अॅसिड मिसळलेले समुद्राचे पाणी त्यांतून सोडले, घरांना चुना फासला. कष्टात कसूर नव्हती, पण प्लेग हटला नाही. पॉल लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत उंदरांवरच्या पिसवांकडे बोट दाखवले. गटारांतले उंदीर त्या लोंढ्यातून निसटून कोणाच्या घरात शिरले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

वासाने प्लेग होत नाही, म्हणून गटाराचा वायू निरुपद्रवी ठरत नाही. त्यातला हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना सडक्या अंड्यांसारखा घाण वास येतो. प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास गेला असे वाटते. बंद टाकीत उतरलेला माणूस नेमका त्या वेळी अधिक खाली जातो. संरक्षक साधनांशिवाय कोणाला गटारात वा टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरला. त्यानंतरही असे मृत्यू झाले आहेत.